पुरातत्त्वाचं संशोधन सगळ्यांना मोफत मिळावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शाळाशिक्षक, गावोगावचे हौशी इतिहासप्रेमी आणि निवृत्तीनंतर ताम्रपट वाचायला बसलेली मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे गुंता वाढतो. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे नेमकं काय? इंटरनेटवर फुकट सापडलं की झालं?

नाही. लेख किंवा अहवाल प्रकाशकाने किंवा लेखकाने स्वतःहून, कायमचा आणि कुणालाही वाचता येईल असा खुला ठेवला, तर तो ओपन अ‍ॅक्सेस. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ही कल्पना रूढ केली. त्यात नुसतं वाचणं नाही, तर उतरवून घेणं, वाटणं आणि श्रेय देऊन पुन्हा वापरणंही अपेक्षित आहे. कोणीतरी स्कॅन करून ग्रुपवर टाकलेली पीडीएफ या व्याख्येत बसत नाही, मग ती कितीही उपयोगाची असो. तिच्याबद्दल प्रश्न ९ आणि १० पाहा.

२. लेखाला तीस-चाळीस डॉलर मागतात. ते लेखकाला मिळतात का?

एक पैसाही नाही. संशोधनपत्रिकेत लेख लिहिणाऱ्याला मानधन नसतं आणि तो लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही बहुधा नसतं. पैसे प्रकाशकाकडे जातात. उत्खननाला पैसा बहुतेक वेळा सरकारचा, म्हणजे करदात्यांचा असतो. संशोधकाचा पगारही तिथूनच येतो. आणि शेवटी तोच लेख विकत घ्यायला विद्यापीठाचं ग्रंथालय पुन्हा सरकारी पैसा मोजतं. एवढं कळलं की लोक या वादात का पेटून बोलतात ते समजतं.

३. हे सगळ्याच विषयांना लागू आहे. पुरातत्त्वाचं वेगळं काय?

प्रयोगशाळेतला प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो. उत्खनन पुन्हा करता येत नाही. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात चर घेतला, थर उचलले, की ते थर संपले. उरतं ते काय? नोंदवह्या, थरांचे उभे छेद काढलेले कागद, खापरांची रेखाटनं, फोटो आणि पिशव्यांमध्ये भरलेले नमुने. त्या जागेचा तो भाग इथून पुढे या कागदांतच राहतो.

इनामगावचं उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-पंधरा हंगाम इथे खोदकाम केलं. ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची घरं, धान्याच्या कणग्यांच्या जागा, चुली असं सगळं सापडलं. घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत बाळाची हाडं. कोणत्या घराखाली, कोणत्या थरात, कुंभांची तोंडं कोणत्या दिशेला, शेजारी काय ठेवलं होतं, हे सगळं फक्त अहवालात आहे. सांगाड्यांवरचा खंड १९८६ मध्ये आला, मुख्य उत्खननाचा १९८८ मध्ये. उद्या कोणाला बालमृत्यूचा किंवा त्या काळच्या दुष्काळाचा नवा विचार मांडायचा असेल, तर त्याला जागेवर जाऊन काही दिसणार नाही. त्याला ते जाडजूड खंडच हवेत. असे खंड मोजक्याच प्रती छापून निघतात आणि मोजक्या ग्रंथालयांत असतात. परभणीच्या किंवा चंद्रपूरच्या विद्यार्थ्याने काय करायचं?

४. एवढं चांगलं आहे तर विरोध कोण करतं?

गंमत म्हणजे विरोध सर्वांत ठळकपणे पुरातत्त्वप्रेमींच्या संस्थेनेच केला. १८७९ मध्ये स्थापन झालेली 'आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' ही तिकडची मोठी आणि जुनी संस्था. २०१२ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर एक विधेयक होतं. सरकारी अनुदानातून झालेल्या संशोधनावरचा लेख प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांत सर्वांना मोफत मिळावा, असं त्यात म्हटलं होतं. संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्ष एलिझाबेथ बार्टमन यांनी संस्थेच्याच नियतकालिकात त्याविरुद्ध भूमिका मांडली. त्यांचा मुद्दा असा की संपादन, तज्ज्ञांकडून तपासणी, नकाशे, छपाई, संकेतस्थळ हे फुकट होत नाही. वर्गणी बंद पडली तर लहान विद्वत्संस्थांच्या पत्रिका बुडतील, आणि ही सक्ती बाहेरून लादली जाऊ नये.

त्यावर टीकेची झोड उठली, कारण जनतेत पुरातत्त्वाची गोडी लावणं हेच काम असलेली संस्था जनतेला दार बंद करा म्हणत होती. तरी त्यांचा पैशाचा मुद्दा खोटा नव्हता. वर्गणीवर तगलेल्या लहान संस्था आपल्याकडेही आहेत. अंकाचे पैसे जमवताना तिथल्या चिटणिसांची काय दमछाक होते ते त्यांनाच विचारा.

विधेयक मंजूर झालं नाही. पण २०१३ मध्ये व्हाइट हाउसच्या विज्ञान कार्यालयाने मोठ्या अनुदान संस्थांना बारा महिन्यांच्या आत लेख खुले करायला सांगितलं आणि २०२२ च्या आदेशाने ती बारा महिन्यांची सवलतही काढून घ्यायचं ठरलं. म्हणजे वाद ज्या दिशेने जाईल असं बार्टमन यांना वाटत होतं, तिकडेच गेला.

५. मग खर्च कोण उचलणार?

इथे खरी गोम आहे. रूढ मार्ग तीन.

एकात लेखक, म्हणजे प्रत्यक्षात त्याची संस्था, प्रकाशन शुल्क भरते आणि लेख लगेच खुला होतो. याला गोल्ड म्हणतात. शुल्क किती असावं याला धरबंध नाही. 'नेचर'ने २०२० मध्ये आपला दर ९,५०० युरो जाहीर केला. वाचकाच्या खिशातला हात काढून तो लेखकाच्या खिशात घातला, एवढाच याचा अर्थ. आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला हे परवडणारं नाही, मग तो खुल्या व्यवस्थेत वाचक होईल पण लेखक होणार नाही.

दुसऱ्यात, म्हणजे ग्रीनमध्ये, लेख वर्गणीच्या पत्रिकेतच येतो. पण त्याची तज्ज्ञांनी मान्य केलेली, प्रकाशकाची मांडणी नसलेली प्रत लेखक आपल्या संस्थेच्या ऑनलाइन साठ्यात (रिपॉझिटरीत) ठेवतो (प्रश्न ११).

तिसरा डायमंड. लेखक आणि वाचक दोघांनाही शुल्क नाही, खर्च संस्था सोसते. केरळ विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाची 'हेरिटेज' ही वार्षिक पत्रिका २०१३ पासून मोफत वाचायला मिळते आणि दक्षिण आशियातलं बरंच नवं सर्वेक्षण तिच्यात येतं. माझ्या मते आपल्यासारख्या देशात हाच मार्ग शहाणपणाचा आहे. पुरातत्त्वाच्या पत्रिकेचा खर्च एका उत्खननाच्या हंगामापुढे किरकोळ असतो.

ब्रिटनमधली 'इंटरनेट आर्किऑलॉजी' ही यॉर्क विद्यापीठातली पत्रिका १९९६ पासून फक्त इंटरनेटवर निघते. ती २०१४ पासून पूर्ण खुली आहे.

६. भारतात काही नियम आहे का?

अर्धामुर्धा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मध्ये धोरण काढलं. त्यांच्या अनुदानातून झालेल्या संशोधनाचे लेख खुल्या साठ्यात ठेवायचे, असं ते धोरण सांगतं. पण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण येतं संस्कृती मंत्रालयाखाली. त्यामुळे हे धोरण पुरातत्त्वाच्या कडेकडेने जातं. हाडांच्या रासायनिक तपासणीला विज्ञान विभागाचं अनुदान असेल तर तेवढा लेख त्यात येईल, ज्या चरातून हाड आलं त्याचा अहवाल येणार नाही.

प्रबंधांचं मात्र बरं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या मोफत संकेतस्थळावर येऊ लागले. डेक्कन कॉलेजचे प्रबंधही तिथे आहेत. एखाद्या तालुक्याचं गावागणिक सर्वेक्षण हवं असेल तर पत्रिका धुंडाळण्याआधी शोधगंगा उघडा.

७. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं ना? आता प्रश्न मिटला?

काही लोकांचा मिटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका आणि सरकारी व्यवस्थापनाखालच्या ६,३०० हून अधिक संस्था.

पण हे ओपन अ‍ॅक्सेस नाही. ही घाऊक वर्गणी आहे. तुम्ही त्या संस्थांत असाल तर वाचाल. खासगी कॉलेजातले, शाळेतले शिक्षक, निवृत्त झालेले, किंवा कोणत्याच संस्थेत नसलेले अभ्यासक बाहेरच. महाराष्ट्रात वीरगळ, शिलालेख, किल्ले, बारवा यांच्या नोंदी घेणाऱ्यांत नेमका याच लोकांचा भरणा आहे. शिवाय या यादीत परदेशी पत्रिका भरपूर असल्या तरी उत्खननाचे अहवाल पत्रिकांत नसतातच. त्यासाठी पुढचा प्रश्न.

८. आमच्या गावात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी खोदकाम झालं. अहवाल कुठेच सापडत नाही. तो पैसे भरून तरी मिळेल का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा उत्तर असं की अहवाल कुलपात नाही, तो लिहिलाच गेलेला नाही.

आपल्याकडे ओपन अ‍ॅक्सेसची चर्चा परदेशी प्रकाशकांच्या किमतींवर घुटमळते. ते महत्त्वाचं आहेच, पण आपलं पहिलं दुखणं वेगळं आहे. उत्खनन करणाऱ्याची बदली होते, तो निवृत्त होतो. खापरांच्या गोण्या एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जातात आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांची शाई उडते. पुढच्या हंगामाला नव्या जागेचा पैसा मिळतो, जुन्या जागेचा अहवाल लिहायला मिळत नाही. मागे उरतात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या (पुढे नुसतं 'सर्वेक्षण') 'इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू' या वार्षिकातले एक-दोन परिच्छेद. अमुक नदीच्या काठी अमुक कालखंडाचे थर मिळाले, काळ्या-तांबड्या भांड्यांचे अवशेष मिळाले, एक-दोन फोटो. पूर्ण हंगामाचं काम तेवढ्यात आटपलेलं.

वेळेवर होऊ शकतं याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. सगळे मिळून साठ किलोंच्या वर. त्यानंतर एस. ए. साळी यांनी १९७६ ते १९७९ उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९८६ मध्ये सर्वेक्षणाने छापला. सात वर्षं. आजच्या मानाने हे वेगवानच म्हणायचं.

उलट टोकाला तमिळनाडूतलं कीळडी हे प्राचीन वस्तीचं ठिकाण. तिथे उत्खनन केलेले पुरातत्त्वज्ञ अमरनाथ रामकृष्ण यांनी तिथल्या पहिल्या दोन हंगामांचा ९८२ पानी अहवाल जानेवारी २०२३ मध्ये सर्वेक्षणाकडे दिला. मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाने कालगणनेसह (म्हणजे वस्ती किती जुनी, यासह) काही बाबी दुरुस्त करा म्हणून तो परत पाठवला. रामकृष्ण यांनी आपल्या कालगणनेवर ठाम असल्याचं कळवलं. कोणाचं बरोबर हे ठरवायला अहवाल वाचावा लागेल, आणि तो वाचकांपुढे नसताना दोन्ही बाजूंनी राजकारण मात्र जोरात झालं. तपासणी आधी की प्रकाशन आधी, असा तांत्रिक वाद नेहमीच होऊ शकतो. पण मसुदा 'तपासणीसाठी' असा शिक्का मारून खुला ठेवता येतो. इतर शास्त्रांत ते रोज होतं (प्रश्न १४).

म्हणून गावातल्या मंडळींना माझा सल्ला असा की 'मोफत द्या' म्हणण्याआधी 'लिहिला का?' हे विचारा. आधी खोदकाम कोणी केलं ते शोधा: सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय की एखादं विद्यापीठ. मग वर्ष. मग 'रिव्ह्यू'चा त्या वर्षाचा अंक, जो सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर मिळतो. विद्यापीठाचं काम असेल तर त्या सुमाराचे प्रबंधही चाळा. कित्येकदा अहवालाचं काम एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात होऊन बसलेलं असतं.

माहितीचा अधिकार वापरून अहवाल काढता येईल का?

(हा आठव्याचाच शेपूट आहे म्हणून क्रमांक दिला नाही.) अर्ज जरूर करता येतो. केंद्राकडे शुल्क १० रुपये आणि प्रतीला पानामागे २ रुपये. मिळेलच असं नाही. काम अपूर्ण आहे किंवा प्रकाशन व्हायचं आहे असं उत्तर येऊ शकतं. तरीही 'उत्खनन कधी संपलं, अहवाल सादर झाला का, कोणत्या तारखेला' एवढंच विचारणारा अर्ज सहसा वाया जात नाही. पूर्ण अहवाल मागण्यापेक्षा आधी तारीख मागा.

९. जुने अहवाल कायद्याने मोफत असतात ना?

काही असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारने प्रसिद्ध केलेल्या कृतीवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे सर्वेक्षणाने १९६० मध्ये छापलेलं पुस्तक २०२० संपल्यावर खुलं झालं. बर्जेस यांचे लेण्यांवरचे एकोणिसाव्या शतकातले खंड किंवा कझिन्स यांचं १९३१ मधलं दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचं काम निर्धास्त उतरवून घ्या. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर यातलं पुष्कळ आहे.

व्यक्तीच्या नावावर हक्क असेल तर हिशेब वेगळा: लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया १९८९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नावावरचे हक्क २०४९ संपेपर्यंत चालतील. परिणाम असा विचित्र की वेरूळवर ब्रिटिशांनी काय लिहिलं ते घरबसल्या मिळतं, पण नेवासे-जोर्वे इथल्या उत्खननांत आपल्या माणसांनी काय शोधलं ते वाचायला पुण्याला जावं लागतं.

१०. सायहबवरून, म्हणजे प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख फुकट देणाऱ्या संकेतस्थळावरून, लेख घेतला तर गुन्हा होतो का? सगळेच घेतात.

घेतात खरं. कायदा बाजूने नाही. तीन बड्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सायहब भारतात ब्लॉक करायचा आदेश दिला. वर्गात शिकवण्यासाठी पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्स काढणं वेगळं. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने तशी मुभा मान्य केली.

कायदेशीर वाटा कमी नाहीत. जेस्टोर या संशोधनपत्रिकांच्या ऑनलाइन साठ्यावर वैयक्तिक खातं काढलं की महिन्याला शंभरपर्यंत लेख ऑनलाइन वाचता येतात आणि डेक्कन कॉलेजच्या बुलेटिनचे जुने अंकही तिथे आहेत. ब्राउझरला 'अनपेवॉल' जोडलं की लेखाची कायदेशीर मोफत प्रत असल्यास ते दाखवतं. आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे लेखकाला दोन ओळींची मेल. पुरातत्त्ववाल्यांना आपला लेख कोणीतरी मागतंय याचाच आनंद होतो.

११. माझा छापून आलेला लेख अ‍ॅकॅडेमियावर किंवा रिसर्चगेटवर टाकू का?

तुम्ही सही केलेला करार आधी वाचा. प्रकाशकाने मांडणी करून दिलेली अंतिम पीडीएफ टाकायला बहुतेक वर्गणीच्या पत्रिका मनाई करतात, पण तज्ज्ञांनी मान्य केलेली तुमची वर्ड फाइल ठेवायला ठरावीक काळानंतर हरकत घेत नाहीत. कोणत्या पत्रिकेचा काय नियम आहे ते 'ओपन पॉलिसी फाइंडर'वर (आधीचं 'शेर्पा रोमिओ') दिसतं. तुम्ही विचारलेली दोन्ही संकेतस्थळं खासगी कंपन्यांची आहेत, ग्रंथालयं नव्हेत. एक प्रत संस्थेच्या साठ्यातही ठेवा.

१२. मोफत पत्रिका म्हणजे बोगस, असं आमचे सर म्हणतात.

सरांना दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. चार-पाच हजार घेऊन आठवड्यात लेख छापून देणाऱ्या पत्रिका बोगस आहेत, आणि त्या स्वतःला ओपन अ‍ॅक्सेस म्हणवतात हे खरं. त्यांना आळा घालायला केलेली मान्य पत्रिकांची यूजीसी-केअर यादी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायची. २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली आणि परीक्षा करायची जबाबदारी संस्थांवर टाकली. साधी कसोटी: संपादक मंडळातल्या दोघांची नावं तुम्ही त्या विषयात कधी ऐकली आहेत का? मागच्या अंकातल्या लेखांत थरांचे छेद, खापरांची प्रमाणबद्ध रेखाटनं आहेत, की नुसते मोबाइलवरचे फोटो?

१३. जागेचे अक्षांश-रेखांश खुले केले तर गुप्तधनवाले तिथे फावडं घेऊन पोचणार नाहीत का?

ही भीती अस्सल आहे. अमावास्येला मंदिराचा गाभारा खणणारे आपल्याकडे कमी नाहीत. नाण्यांचे साठे, महापाषाणकालीन दफनं, एकाकी देवळं यांची नेमकी जागा मोकळेपणी छापू नये. गाव-तालुका द्यावा, नेमके आकडे संशोधकाने मागितल्यावर द्यावेत. परदेशांतले ऑनलाइन माहितीसाठेही संवेदनशील जागांची माहिती अशी धूसर करतात.

पण सरसकट लपवणंही घातक. कोकणातली कातळशिल्पं घ्या. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यावर कोरलेलं चित्र कोणी चोरून नेत नाही. त्याचा नाश होतो तो चिरेखाणीने, रस्त्याने, बांधकामाने, म्हणजे तिथे काही आहे हे माहीत नसल्याने. तिथे नकाशा जितका खुला तितकं शिल्प सुरक्षित. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं रिफायनरीच्या वादात चर्चेत येऊ शकली, कारण त्यांची नोंद आधीच झालेली होती.

१४. तपासणीआधी लेख खुला केला तर चुकीची माहिती पसरणार नाही का? राखीगढीचं पाहिलं ना?

राखीगढीत, म्हणजे हरियाणातल्या हडप्पाकालीन जागेबाबत, उलट घडलं. दक्षिण आशियातल्या प्राचीन जनुकांवरच्या मोठ्या अभ्यासाचा मसुदा ३१ मार्च २०१८ ला 'बायोआर्काइव्ह' या मसुदे खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवला गेला. 'सायन्स' या पत्रिकेत तो सप्टेंबर २०१९ मध्ये आला. मधल्या दीड वर्षात ज्याला हवं त्याने तो वाचला, खोडून काढायचा प्रयत्न केला. त्याच सप्टेंबरात 'सेल' या पत्रिकेत राखीगढीचा लेख आला, डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्याचे एक प्रमुख लेखक. ६१ नमुने तपासले गेले आणि उपयोगी डीएनए मिळाला एका स्त्रीच्या सांगाड्यातून. त्यावर पत्रकार परिषदेत आणि वृत्तवाहिन्यांवर 'आर्य बाहेरून आलेच नाहीत' असं जे ऐकायला मिळालं ते लेखांपेक्षा बरंच ठाम होतं. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचणाऱ्याला 'सायन्स'च्या लेखात हडप्पानंतर गवताळ प्रदेशातून आलेल्या लोकांचा उल्लेखही सापडला. गैरसमज मसुद्यामुळे झाला नाही, लेख न वाचता बोलल्याने झाला.

१५. मोफत मिळालं तरी सगळं इंग्रजीत. त्याचं काय?

हे खरं आहे आणि यावर कुठलंही धोरण नाही. ज्या गावाच्या जमिनीतून माहिती निघाली त्या गावाला ती त्याच्या भाषेत मिळावी, असं कोणत्याही अनुदानाच्या अटीत मी पाहिलेलं नाही. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर पुरातत्त्वाच्या नोंदी मोफत आहेत आणि दर्जेदार आहेत. सुरुवात तिथून करावी. मराठीतून लिहिलेलं मूळ संशोधन हवं असेल तर १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची जुनी त्रैमासिकं पाहा.

आणि तुमच्या गावचा अहवाल मिळालाच, तर सर्वांत आधी त्यातल्या एका प्रकरणाचा सारांश मराठीत लिहून ग्रामपंचायतीत आणि शाळेत ठेवा. सारांश आपल्या शब्दांत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. रेखाटनं आणि फोटो मात्र विचारूनच घ्या.